आपल्या गावचे आकडे आणि आपण

(पेण व रोहा तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, हे मी जाणून आहे. आकडे या शब्दाशी आपला परिचय झाला आहे तो प्रपत्रे, तक्ते आणि 'माहिती आजच्या आज सादर करावी' अशा पत्रांतून. शाळेतून केंद्राकडे, केंद्राकडून तालुक्याला, तालुक्याहून अलिबागला आणि तेथून पुढे पुण्याला व दिल्लीला आकडे जातात, परंतु ते परत काही येत नाहीत, अशी आपली तक्रार असते. ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तथापि ती अर्धीच खरी आहे. आकडे परत येतात. जनगणनेच्या पुस्तिकांतून, शिक्षण खात्याच्या अहवालांतून, आरोग्याच्या पाहण्यांतून आणि आता संगणकावरील तक्त्यांतून ते सर्वांना वाचावयास मिळतात. परंतु ज्याने पेरणी केली त्यानेच पीक पाहावयास शेतावर जाऊ नये, तशी आपली गत झाली आहे.

यास्तव आज मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. गावातील शिक्षक हा आकडा भरणारा आहे, त्याप्रमाणेच तो आकड्याचा पहिला वाचकही झाला पाहिजे. आपण भरलेला आकडा जर आपणच वाचला नाही, तर तो दुसरा कोणी तरी वाचील. त्याला आपले गाव ठाऊक नसेल, आणि त्यावरून तो आपल्या शाळेविषयी व आपल्या मुलांविषयी निर्णय घेईल.

आकड्यांचे शास्त्र हे कोठल्या तरी दूरच्या विद्वानांचे, असे मानण्याचे कारण नाही. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि १९५० ते १९५६ या काळात भारताचे अर्थमंत्री होते, हे आपण जाणतोच. परंतु १९४५ पासून १९६४ पर्यंत ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. प्राध्यापक महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, त्या वेळी देशाचे अर्थखाते देशमुखांकडे होते. इकडे पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांचे गणितावरील प्रेमही प्रसिद्ध आहे. तेव्हा हिशेबाने विचार करण्याची परंपरा आपल्या या दोन तालुक्यांना परकी नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. कोणताही सरकारी आकडा हाती आला की त्याला तीन प्रश्न विचारावे. हा आकडा कोणत्या हद्दीचा आहे? कोणत्या व्याख्येचा आहे? आणि कोणत्या दिवसाचा आहे? हे तीन प्रश्न विचारल्यावाचून आकड्यावर विश्वास ठेवू नये, आणि ते विचारल्यावाचून त्याला खोटाही म्हणू नये.

पहिला प्रश्न हद्दीचा. २००१ साली रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २२,०७,९२९ होती. २०११ साली ती २६,३४,२०० झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे १९ टक्के वाढ झाली. हे वाचून डोंगराकडील एखाद्या शाळेतील शिक्षक साहजिकच विचारील, की जिल्ह्यात माणसे जर एवढी वाढत आहेत तर माझ्या शाळेचा पट का घटतो? उत्तर हद्दीत आहे. २०११ साली एकट्या पनवेल तालुक्याची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख होती. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात चौथ्या हिश्शाहून अधिक लोक एका तालुक्यात राहत होते. त्याच वेळी पेण तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ९५ हजार आणि रोहा तालुक्याची सुमारे १ लाख ६७ हजार होती. जिल्ह्याची वाढ ही पुष्कळ अंशी मुंबईलगतच्या नव्या नागरी वस्त्यांची वाढ होय. ती आपल्या गावची वाढ आहे असे समजणे म्हणजे शेजारच्या घरच्या लग्नात आपण हळद लावून घेण्यासारखे आहे.

तालुक्याच्या आकड्याचेही असेच आहे. पेण तालुक्यात खारेपाटातील बांधबंदिस्तीच्या आश्रयाने राहिलेली गावे आहेत, हमरापूर व जोहे यांसारखी गणेशमूर्तींच्या कारखान्यांची गावे आहेत, पेण शहर आहे आणि डोंगरपट्टीतील वाड्याही आहेत. रोहा तालुक्यात धाटावची औद्योगिक वसाहत आहे, नागोठण्याचा मोठा कारखाना आहे, कुंडलिकेच्या काठची भाताची गावे आहेत आणि पुन्हा डोंगरातील वाड्या आहेतच. या सर्वांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तो यांपैकी कोणत्याच गावाचा नसतो. सरासरीचा माणूस कोणत्याच गावात राहत नाही.

याहून बारीक एक गोष्ट आहे व ती वाडीवरच्या शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावी. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावोगावची माहिती असते. घरे किती, माणसे किती, सहा वर्षांपर्यंतची मुले किती, साक्षर किती, काम करणारे किती, सर्व काही असते. परंतु जनगणनेचे गाव म्हणजे महसुली गाव. आपली कातकरवाडी, ठाकूरवाडी किंवा धनगरवाडी या पुस्तिकेत स्वतंत्र ओळीत सापडणार नाही. तिची माणसे मूळ गावच्या आकड्यात मिसळलेली असतात. गाव बहुतांशी साक्षर असेल आणि वाडी बहुतांशी निरक्षर असेल, तर छापील आकडा दोहोंच्या मधला येईल. गावाला त्याची लाज वाटणार नाही आणि वाडीची व्यथा कोणाला दिसणार नाही. उलट शाळेची माहिती शाळेनिहाय असते. प्रत्येक शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक स्वतंत्र आहे. म्हणजे जनगणनेच्या पुस्तकात जी वाडी दिसत नाही ती शाळेच्या माहितीत दिसू शकते, मात्र शिक्षकाने ती माहिती नीट भरली असेल तरच.

हद्दीचा आणखी एक फेरा काळाचा आहे. जुन्या आकड्यांशी तुलना करण्याचा मोह आपणांस होतो आणि तो चांगलाही आहे. १८८३ सालचे इंग्रजी अमदानीतील कुलाबा गॅझेटिअर आहे, १९६४ सालचे सुधारलेले गॅझेटिअर आहे. परंतु जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाल्यावर मुरूड, श्रीवर्धन व म्हसळे हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला, आणि १९८१ साली त्याच कुलाब्याचे नाव रायगड झाले. तेव्हा जुना कुलाबा आणि आजचा रायगड या दोहोंच्या आकड्यांची वजाबाकी करण्यापूर्वी दोन्ही नकाशे शेजारी ठेवावे.

दुसरा प्रश्न व्याख्येचा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८३ टक्के होते. पुरुषांत ते सुमारे ८९ आणि स्त्रियांत सुमारे ७७ टक्के होते. हे वाचून पुष्कळ जण असे समजतात, की शंभर माणसांपैकी ८३ जणांना वाचता येते. तसे नाही. १९९१ पासून हे प्रमाण सात वर्षे व त्यावरील वयाच्या माणसांतच काढले जाते. त्यापूर्वीच्या तक्त्यांत वयाची मर्यादा वेगळी आढळते. शिवाय जनगणनेत साक्षर म्हणजे कोणत्याही एका भाषेत समजून वाचता व लिहिता येणारा. त्याने शाळेची पायरी चढलेली असावी अशी अट नाही, आणि त्याची परीक्षाही कोणी घेत नाही. घरातील माणूस जे सांगेल ते गणक लिहितो. आपल्या चौथीच्या वर्गातील मुलाला परिच्छेद वाचता येतो की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि जनगणनेची साक्षरता वेगळी. दोहोंची गल्लत करू नये.

हाच न्याय पट आणि हजेरी या दोन शब्दांना लावावा. पटावरचे नाव हे शाळेचे वचन आहे, हजेरी ही त्या वचनाची पूर्तता आहे. एकाच्या जागी दुसरा आकडा ठेवला तर शाळा कागदावर भरलेली आणि प्रत्यक्षात रिकामी, असे चित्र निर्माण होते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, ती अशाच तफावतीच्या संशयावरून. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजदाद करण्याची पाळी शासनावर यावी, ही आपल्या व्यवसायाला भूषणावह गोष्ट नव्हती. प्रामाणिकपणे पट राखणाऱ्या असंख्य शिक्षकांनाही त्या तीन दिवसांत मान खाली घालावी लागली.

तिसरा प्रश्न दिवसाचा, आणि आपल्या दोन तालुक्यांच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. यू-डायसची माहिती ३० सप्टेंबर या दिवसाची धरण्याची पद्धत आहे. जनगणनेची गोष्ट निराळी. २०११ साली प्रत्यक्ष गणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि १ मार्चच्या प्रारंभीची मध्यरात्र ही संदर्भवेळ धरण्यात आली. गणतीच्या साऱ्या काळात जो माणूस घरापासून दूर असेल, तो जेथे असेल तेथे मोजला जातो.

आता आपल्या वाड्यांचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. पावसाळ्यात कातकरी कुटुंबे वाडीवर असतात. भाताची लावणी, कापणी यांत मजुरी मिळते. दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जाण्याची वेळ येते. उचल घेतलेली असते, ती फेडावयाची असते. कुटुंबे मुलांसह निघतात आणि पुढील पावसाच्या तोंडावर परततात. कातकरी ही महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष दुर्बल मानल्या गेल्या आहेत त्यांपैकी एक होय. दुसऱ्या दोन कोलाम व माडिया गोंड.

याचा अर्थ काय झाला? ३० सप्टेंबरला ती मुले वाडीवरच्या शाळेत असतात, म्हणून यू-डायसमध्ये ती दिसतात. फेब्रुवारीत ती भट्टीवर असतात, म्हणून जनगणनेत ती आपल्या वाडीच्या गावात दिसत नाहीत; भट्टी ज्या गावच्या शिवारात असेल त्या गावात त्यांनी दिसावे अशी अपेक्षा असते. एकाच वाडीचे दोन सरकारी आकडे जुळत नाहीत, हे पाहून तालुक्याचा अधिकारी म्हणतो की शिक्षकाने पट फुगविला, आणि शिक्षक म्हणतो की जनगणनेवाल्याने वाडी सोडली. वस्तुतः दोघांनीही खोटे लिहिलेले नसेल. सप्टेंबरचे छायाचित्र आणि फेब्रुवारीचे छायाचित्र शेजारी ठेवले, तर त्यांतील फरक हीच खरी बातमी आहे. तो फरक म्हणजे स्थलांतर. ज्या आकड्यांना आपण परस्परविरोधी म्हणतो, ते एकत्र वाचले तर असे साक्ष देऊ लागतात.

गणती आणि नमुना यांतील भेदही येथेच सांगतो. जनगणना किंवा यू-डायस यांत प्रत्येकाची नोंद होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, किंवा शिक्षणातील २०१७ व २०२१ ची राष्ट्रीय संपादणूक पाहणी आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीच्या मुलांसाठी झालेली परख पाहणी, या नमुना पाहण्या आहेत. त्यांत काही शाळा, काही घरे निवडून त्यांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधतात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, किंवा भाताच्या शेतातील एक तुकडा मोजून पीक कापणी प्रयोग करतात, तोच हा प्रकार. परंतु शीत ज्या हांडीतले असेल त्याच हांडीचा भात त्यावरून ओळखावा. जिल्ह्याच्या नमुन्यावरून जिल्ह्याविषयी बोलता येते; त्यावरून एका केंद्राला, एका शाळेला किंवा एका शिक्षकाला दोष देता येत नाही, आणि शाबासकीही देता येत नाही. आपल्या वर्गातील मुलांना काय येते हे पाहावयाचे तर आपल्या वर्गातच पाहावे लागते.

आता या तीन प्रश्नांचा उपयोग प्रत्यक्ष कसा करावयाचा, हे एका उदाहरणाने पाहू. आपल्या सर्वांना सतावणारा प्रश्न पट घटण्याचा आहे. वीस मुलांहून कमी पटाच्या शाळांचे काय करावयाचे, त्यांच्या समूह शाळा कराव्या काय, हा विचार २०२३ साली शासनस्तरावर पुढे आला. अशा वेळी 'पट घटला' एवढेच सांगणारा शिक्षक आणि 'पट का घटला' हे सांगू शकणारा शिक्षक, यांच्या शब्दाचे वजन सारखे नसते.

पट घटण्याची मुख्य कारणे तीन असतात. मुले जन्मालाच कमी येतात. किंवा मुले आहेत परंतु ती दुसऱ्या शाळेत जातात. किंवा कुटुंबे गाव सोडून जातात, मग ती काही महिन्यांसाठी असोत वा कायमची. या तीन कारणांवर उपायही तीन वेगळे आहेत. म्हणून आधी रोगाचे निदान झाले पाहिजे.

पहिले कारण काल्पनिक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी १९९२-९३ साली सुमारे २.९ होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती १.७ झाली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली, परंतु सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची संख्या सुमारे १ कोटी ३७ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांवर उतरली. माणसे वाढली आणि मुले घटली. तेव्हा पट घटला म्हणजे शिक्षक नालायक, असे समीकरण मांडणाऱ्यांना हा आकडा शांतपणे दाखवावा. परंतु त्याच्या आड लपूही नये, कारण तो राज्याचा आकडा आहे, आपल्या गावचा नव्हे.

आपल्या गावापुरते पाहावयाचे तर उदाहरणादाखल एक गाव मानू. तेथे पहिली ते पाचवीची शाळा असून पटावर २८ मुले आहेत. अंगणवाडी सेविकेने कुटुंबवार पाहणी करून राखलेल्या मागील वर्षांच्या याद्या पाहिल्या, तर दर वर्षी शाळेत येण्याजोगी सरासरी नऊ मुले निघतात. पाच इयत्तांची नवे पंचेचाळीस मुले गावात असावयास हवीत. पटावर अठ्ठावीस आहेत. सतरा मुलांचा हिशेब लागत नाही.

येथे ग्रामपंचायतीचे जन्मनोंदणीचे रजिस्टर पाहावे असे कोणास वाटेल. ते जरूर पाहावे, परंतु सावधपणे. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथे होते. पूर्वी बाळंतपणे घरी होत, आता ती पेण, रोहा, अलिबाग येथील रुग्णालयांत होतात. म्हणून ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात जन्म घटलेले दिसले, तरी गावात मुले घटली असे ठरत नाही. येथेही हद्दीचाच प्रश्न उभा राहतो. अंगणवाडीची यादी याबाबतीत अधिक भरवशाची.

आता सतरा मुलांचा माग काढू. शाळा सोडल्याचे दाखले किती गेले ते आपल्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे. दाखला न घेता पहिलीतच दुसरीकडे दाखल झालेली मुले शेजारच्या शाळांच्या पटावर सापडतील. सकाळी गाडीतून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी मुले तर गावच डोळ्यांनी मोजू शकते. समजा, अशी नऊ निघाली. आठ उरली. पाच मुलांची कुटुंबे कामधंद्यासाठी पनवेलकडे किंवा मुंबईस कायमची गेली, असे वाडीत विचारल्यावर कळते. तीन उरली. ही तीन मुले कोणत्याच शाळेच्या पटावर नाहीत.

मित्रहो, आकड्यांचा सारा खटाटोप या तीनसाठी आहे. पंचेचाळिसांतून वजा करीत करीत आपण तीनपर्यंत आलो. टक्केवारीच्या तक्त्यात हे तीन दिसणारही नाहीत; जिल्ह्याच्या अहवालात ते शून्य पूर्णांक काही तरी होऊन जातील. परंतु गावात त्यांना नावे आहेत, आईबाप आहेत, घरे आहेत. उद्या सकाळी त्यांच्या दारात जाता येते. दिल्लीच्या संख्याशास्त्रज्ञाला हे करता येत नाही, आपल्याला येते. आकडा जेथे संपतो तेथून शिक्षकाचे काम सुरू होते.

याच उदाहरणात आणखी एक दक्षता सांगतो. लहान संख्यांवर टक्केवारी चढवू नये. आठ मुलांच्या वर्गातून एक मूल गेले तर साडेबारा टक्के गळती झाली असे म्हणता येईल. ते गणिताने बरोबर आहे, परंतु त्यात बोध नाही. पुढच्या वर्षी एक मूल आले की तीच शाळा एकदम प्रगत ठरेल. लहान शाळेने संख्या सांगावी, आणि एका वर्षाच्या चढउताराला भुलून जाऊ नये. सात-आठ वर्षांचे आकडे एका ओळीत मांडले म्हणजे खरा कल दिसतो.

आता महिन्यांच्या हजेरीकडे वळू. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी या चार महिन्यांची सरासरी हजेरी मुलांच्या वाडीनिहाय काढून पाहावी. एका वाडीची हजेरी दिवाळीनंतर निम्म्यावर येते आणि दुसरीची तशीच राहते, असे दिसले तर स्थलांतराचा पुरावा आपल्या हाती आला. मग हंगामी वसतिगृहाची मागणी, किंवा बाहेर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक देऊन भट्टीजवळच्या शाळेशी संपर्क साधणे, या गोष्टी वेळेवर होऊ शकतात. फेब्रुवारीत मुले गेल्यावर हळहळण्यापेक्षा, कोणती मुले जाणार याची यादी सप्टेंबरातच तयार असणे हे अधिक उपयोगाचे. उलट, ज्यांच्या शिवारात वीटभट्ट्या आहेत त्या गावच्या शिक्षकांनी डिसेंबरात एकदा भट्टीवर जाऊन यावे. तेथे खेळणारी मुले कोणाच्या तरी पटावरून नाहीशी झालेली असतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने, आपल्या क्षेत्रात राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांच्या नोंदी ठेवण्याचे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल असे पाहण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकलेले आहे. म्हणजे ग्रामसभेत हा विषय काढणारा शिक्षक कोणावर उपकार करण्याची विनंती करीत नसतो; तो कायद्याचे स्मरण देत असतो.

हे सर्व करावयाचे तर आपण भरलेला आकडा निर्मळ असावयास हवा. मागील वर्षीचे प्रपत्र समोर ठेवून यंदाचे भरणे, शिक्षकांचे पद टिकावे म्हणून चार नावे पटावर राहू देणे, तपासणीच्या भीतीने हजेरी गोल करणे, या सवयींत तात्कालिक सोय असेल. परंतु त्यामुळे वाडीची खरी गरज कागदावरून पुसली जाते. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, ही कायद्याची तरतूद खऱ्या पटावरही आपल्याला आधार देते. ज्या शाळेत फेब्रुवारीतही शंभर टक्के हजेरी दाखविली जाते, त्या वाडीला वसतिगृह का द्यावे, असे वरिष्ठांनी विचारले तर उत्तर काय देणार? खोटा आकडा प्रथम ज्याचे रक्षण करतो असे वाटते, त्याचाच घात शेवटी करतो. त्याचबरोबर कुटुंबांची खाजगी माहिती, त्यांची मिळकत, त्यांचे कर्ज, आजार, ही चावडीवर वाचण्याची वस्तू नव्हे, याचेही भान असावे. संख्या सर्वांसमोर मांडावी, नावे आपल्या वहीत ठेवावी.

आता पुढील जनगणनेविषयी. २०२१ साली व्हावयाची जनगणना करोनाच्या साथीमुळे लांबणीवर पडली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने आपल्या भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरविली. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे शिक्षण हक्काचा कायदा सांगतो, परंतु दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणूक ही कामे त्याने अपवाद म्हणून ठेवली आहेत. जनगणनेच्या कामाला आपण ओझे म्हणू शकतो. परंतु जरा विचार करावा. संदर्भतारीख पुन्हा भट्टीच्या हंगामातलीच आहे. झोपड्या शिवाराबाहेर, रस्त्यापासून दूर, ओढ्याच्या कडेला असतात. तेथवर जो गणक जाणार नाही त्याच्या हातून ती कुटुंबे वाडीतही मोजली जाणार नाहीत आणि भट्टीवरही नाहीत. पुढील कित्येक वर्षे शाळा, अंगणवाडी, पाणी व रेशन यांचे नियोजन ज्या आकड्यांवर होते, त्यांतून ती गळतील. त्यांना ओळखणारा, त्यांच्या मुलांची नावे जाणणारा माणूस बहुतेक गावांत एकच असतो, आणि तो म्हणजे शाळामास्तर. हे काम आपण परक्यासारखे करू नये.

शेवटी आपणांपुढे एक साधी सूचना ठेवतो. प्रत्येक शाळेने एका पानाची 'गावची नोंद' तयार करावी. तीत पाच ओळी असाव्या: अंगणवाडीच्या यादीप्रमाणे शाळेत येण्याजोगी मुले, ३० सप्टेंबरचा पट, फेब्रुवारीची सरासरी हजेरी, गावातून अन्यत्र शिकावयास जाणारी मुले, आणि कोणत्याच शाळेत नसलेली मुले. मागील जितक्या वर्षांचे रजिस्टर सापडेल तितक्या वर्षांचे रकाने पाडावे. प्रत्येक आकड्याखाली तो कोणत्या दिवसाचा, कोणत्या हद्दीचा आणि कोठून घेतला, हे बारीक अक्षरांत लिहावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीत ते पान वाचून दाखवावे. मोठ्या मुलांना त्यावरून स्तंभालेख काढावयास सांगितले तर गणिताचा एक पाठ आपसूकच होईल, आणि आपल्या गावाविषयी विचार करण्याची सवय त्यांना लागेल. या कामाला नवे प्रपत्र नाही, ते कोणाला सादर करावयाचे नाही, आणि म्हणूनच ते खरे उतरण्याची आशा आहे.

तालुक्याच्या कार्यालयात आपण जेव्हा एखादी मागणी घेऊन याल तेव्हा हे पान बरोबर आणावे. 'आमच्याकडे परिस्थिती फार कठीण आहे' या वाक्याला उत्तर म्हणून सहानुभूती मिळते; 'आमच्या वाडीतील एकोणीस मुलांपैकी अकरा मुले दिवाळीनंतर भट्टीवर जातात, ही त्यांची चार वर्षांची हजेरी' या वाक्याला कार्यालयास उत्तर द्यावे लागते.

पाचव्या ओळीत शून्य यावे, ही आपली सर्वांची इच्छा आहे. परंतु ते शून्य लेखणीने आणावयाचे नसून पायांनी आणावयाचे आहे.